बाज पाय पुढं करून निघाली

॥ बिरोबा प्रसन्न ॥

मुक्काम डोंगरावरली वाडी (म्हंजे तुमचं माहेर), डोंगरकड्याच्या वर,
तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली

सौभाग्यवती वन्संबाई धुरपताबाई, मुक्काम वसमत, यांच्या पायाशी भावजय सत्यभामाचा डोकं टेकून नमस्कार.

पत्रास कारण की, मी जिवंत हाय. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण तुमच्यापतोर दुसरी खबर गेलती आन ती खोटी व्हती. इकडं समदे खुशाल. तुमचे भाऊ खुशाल, त्यांचा खोकला बी खुशाल. मेंढरं खुशाल, एका बोकडाचं पोट तेवढं बिघडलंय, त्याचं कारण पुढं येईल. नातू परमेश्वर खुशाल. त्याची दिपाली नवव्या महिन्यात हाय, पोट खाली उतरलंय, आन वाडीवरून सडकंला जायला अजून तीच बाज आन तीच पायवाट हाय, एवढी एक गोष्ट सोडली तर इकडं काळजीचं काही न्हाई. तुमचे गुडघे कसे हायेत? तुमच्या मालकांची साखर उतरली का? तुमी माझा फोन उचलत न्हाई म्हून कागदावर इचारून राहिले. परमेश्वरच्या लग्नात दिपालीच्या माहेरानं तुमाला मानाचं लुगडं दिलं, त्याचा रंग पहिल्याच धुण्यात सुटला आन मालकांची धोतरं गुलाबी झाली, हे मला कबूल हाय. पण गुलाबी धोतर नेसून ते भर बाजारात गेले, यात त्या लेकराचा काय दोष? पुढं कधी बोलू. मी शाळंत दुसरीपतोर गेले, तिसरीला मेंढरं आडवी आली, तवा अक्षर लागलं न्हाई तर मालकांकडून वाचून घ्या. पत्र हातोहात पाठवून राहिले, टपालावर माझा भरवसा न्हाई.

तर झालं असं. पुण्याला कुठलीशी कंपनी हाय, तिथं लोक दिवसभर खुर्चीवर बसून काम करतात. बसून बसून त्यांची अंगं जड झाली. मंग कंपनी म्हणली, बाबांनो, जरा हलत जा. नुसतं हला म्हणलं तर कोण हलतंय? (तुमच्या भावाला मी जलमभर म्हणून राहिले.) म्हून त्याला चॅलेंज असं नाव दिलं. आन हलायचं ते दुसऱ्याच्या भल्यासाठी हलायचं, म्हंजे लाज वाटत न्हाई. तर हे लोक इकडं घाम गाळणार, तो घाम त्यांचे सोयरे मोबाईलात बघणार, मोबाईलातूनच पैसे टाकणार, आन ते पैसे ‘दुर्गम भागातील तातडीच्या आरोग्यसेवे’ला जाणार. बॅनरवर लिहिलेलं व्हतं, मी एक एक अक्षर लावून वाचलं. वन्सं, दुर्गम म्हंजे आपण! इतक्या वर्सांत मला कोणी सांगितलं न्हाई. मी समजत व्हते आपण नुसतं डोंगरावर राहतो. दुर्गम निघालो म्हणल्यावर मला बरं वाटलं, पुण्यापतोर नाव झालं. तुमचं माहेर हाय, तुमी बी तिकडं चारचौघीत सांगत जा.

त्यांची म्होरकी संध्या मॅडम. बारकी, चपळ, बोलायला गोड. तिच्याबराबर आयुष नावाचा गडी, दंड असे की सदऱ्याची बाही पुरंना. आधी त्यांचा बेत नुसता डोंगर पळत चढायचा व्हता. पण आपला परमेश्वर भोळा. त्यानं सांगितलं की आमच्याकडं कोणी आजारी पडलं तर बाजेला दोन बांबू बांधतो आन चौघं खांद्यावर घेऊन ओढा ओलांडून खाली डांबरी सडकंपतोर नेतो, तिथून पुढं गाडी मिळाली तर मिळाली. हे ऐकून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मंग तेच डोळे चमकले. म्हणली, “बस्स! हेच आपलं चॅलेंज!” आपल्या तकलीफीनं कोणाला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदा पाह्यला. आयुषनं परमेश्वरच्या खांद्यावर हात मारून इचारलं, “भाऊ, तुमी वर्कआउट काय करता?” परमेश्वर म्हणला, “वर्कआउट न्हाई, शेळ्या हायेत.”

चॅलेंज ठरलं की पुण्याच्या गड्यांनी बाज उचलायची, ठरल्या ठिकाणी थांबून बैठका मारायच्या, गडी बदलायचे, आन सडकंवर दवाखान्याची गाडी उभी करून ठेवायची, तिच्यात बाज नेऊन टेकवायची. बाजेवर टाकायला त्यांनी पुण्याहून रबराची बाहुली आणलती, माणसाएवढी, डोळे मिटलेली. ती रात्री मेंढवाड्याच्या कुडाला टेकवून ठेवली. आता बोकडाला काय कळतंय की हा रुग्ण हाय? त्यानं एक कान खाल्ला, नाक खाल्लं, आन हाताची बोटं चघळून ठेवली. सकाळी मॅडम बाहुलीकडं बघून मटकन खाली बसली. आयुष म्हणला, असा पेशंट फोटोत चालणार न्हाई, लोक घाबरतील. मंग जितं माणूस शोधायला लागले. तुमच्या भावाला इचारलं, ते म्हणले, मी एकदाच चढीन, आन तवा तुमची गरज न्हाई. शेजारच्या सुनितानं तर बाजेकडं पाठच केली. गेल्या पावसाळ्यात तिला कळा सुटल्या तवा हीच बाज ओढ्यापाशी अडकून पडलती, पाणी उतरायची वाट बघत. पाणी उतरलं, सुनिता खाली गेली, दवाखान्यातून वाचून बी आली, पण एकटीच आली. तिला कोणत्या तोंडानं म्हणायचं, ये, खेळायला झोप?

तेवढ्यात मॅडमची नजर दिपालीकडं गेली. दिपाली अंगणात शेण भरून राहिलती, कमरंवर हात ठेवून उभी राहिली. मॅडम आयुषला म्हणली, “ही झोपली ना, तर लांबून बी कळंल. लोकांच्या काळजाला भिडंल.” दिपालीनं ऐकलं आन तिचं तोंड असं उतरलं की काय सांगू. ती माझ्याकडं बघून राहिली. मी टोपलं खाली ठेवलं आन म्हणलं, “मॅडमबाई, तिच्या पोटातलं लेकरू तुमच्या चॅलेंजसाठी येऊन राहिलं न्हाई. काळजाला भिडायचं तर मी भिडते. चला, बाज आणा.” आता समदी वाडी म्हणून राहिली की म्हातारी हौसेनं झोपली. हौस व्हती, खोटं काहून बोलू? पण हौस किती आन दुसरं काय, ते शेवटी लिहिते.

आता तुमी वसमतला जाऊन शहरातल्या झाल्या, विसरल्या असाल म्हून सांगते. आपल्यात जितं माणूस न्यायचं तर डोकं पुढं, मेलेलं न्यायचं तर पाय पुढं. वाडीतलं शेंबडं लेकरू बी हे सांगंल. उतारावर डोकं खाली जाऊ नये म्हून उंच गडी पुढं धरतात आन बुटके मागं, बाज सपाट राहते. पण आयुषनं कसलासा कोर्स केलता. तो म्हणला, उतार हाय, डोकं वर पाहिजे, पाय पुढं घ्या. तसं बघितलं तर त्याचं बी बराबर व्हतं. परमेश्वर त्याच्या कानात सांगाया गेला तर मॅडम म्हणली, “सेफ्टी हाय दादा, सेफ्टी.” आन मी? मला तर उचलतानाच कळलं. पण वन्संबाई, सासरी आल्यापासून मला कोणी उचललं नव्हतं. मी पाय नीट जुळवून घेतले.

त्यात आणखी काय काय जुळून आलं बघा. निघायच्या आधी आपल्या पुढाऱ्याचं भाषण झालं (नाव लिहीत न्हाई, तुमी ओळखता, त्यानंच वाडीच्या सडकंचा नारळ फोडलाय, एकदा न्हाई, दर निवडणुकीला). त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार फोटोसाठी काढून त्यानं माझ्या छातीवर ठेवला आन तसाच राहिला. ऊन तोंडावर यायला लागलं म्हून मी पदर तोंडावर घेतला. पुण्याचे पाहुणे येणार म्हून वाडीनं खालच्या डोंगरकडा गावातून हलगी आणलती. आन मॅडमला प्लास्टिकच्या बाटल्या चालत न्हाईत, निसर्गाला तकलीफ होते म्हणं, म्हून पळणाऱ्यांना पाणी पाजायला मातीचं मडकं घेतलं. ते कोणाच्या हातात द्यावं? तुमच्या भावाच्या. सुतळीनं बांधलेलं मडकं हातात धरून ते बाजेच्या पुढं निघाले, अनवाणी, खाली मान घालून, कारण त्यांना मोतीबिंदू हाय आन वाटंवर खडे हायेत. आता तुमीच सांगा. पुढं मडकं धरलेला नवरा, मागं हलगी, बाजेवर पाय पुढं करून झाकलेली बाई, छातीवर हार. मी जरी बांधावर उभी असते तरी मी बी रडले असते.

हे हळद शिजवायचे दिवस. उताराच्या दोन्ही अंगाला रानात माणसं. पहिल्यांदा लखमानं पाह्यलं, आपल्या खालच्या रानाची शेजारीण. हातातलं टाकून पळत आली आन तुमच्या भावाला इचारलं, “सटवाजीदादा, कवा झालं हो?” तुमचे भाऊ सकाळी तंबाखूची गोळी दाढंला लावतात ती दुपारपतोर थुंकत न्हाईत, हे तुमाला लहानपणापासून ठाऊक हाय. त्यांना वाटलं ती निघाल्याचं इचारून राहिली. तोंड उघडायचं न्हाई म्हून त्यांनी मान वर करून सूर्याकडं बोट दाखवलं. लखमानं हंबरडा फोडला, “सकाळीच गेली गं माय!” तुमच्या भावाला ऐकू कमी येतं, त्यांनी मान हलवली. झालं. एका रानातून दुसऱ्या रानात, बांधावरून बांधावर, माणसं येऊन मागं लागली. हिरव्या-पिवळ्या चकचकीत बनियनमधली पुण्याची पोरं बघून कोणाला शंका यायला पाहिजे का न्हाई? न्हाई आली. एक जण म्हणला, “आजकालचे पोरं मयतीला बी काय बी घालून येतात.”

मी पदराखालून समदं ऐकत व्हते. लखमा म्हणली, “तोंडाची फाटकी व्हती, पण हाताची मोकळी.” मला निम्मं आवडलं. दुसरी कोणी म्हणली, “आता तिचे चांदीचे वाळे कोणाला जातील, नातसुनंला का?” (वन्सं, वाळे अजून माझ्याच पायात हायेत. कोणी इचारलं तर सांगा.) उठून बसावं वाटलं, पण उठले असते तर पुढलं ऐकायचं राहिलं असतं. आन बरं झालं उठले न्हाई. लखमाचा नवरा, ज्यानं आपला बांध कोरला आन वर शपथा घेतल्या, तो बाजेजवळ आला आन डोळे पुसून म्हणला, “वैनी, बांध मी कोरला. मला माफ करा.” हलगीवाल्यासकट समद्यांनी ऐकलं. आता त्याला माघार घेता येत न्हाई. एवढ्या एका वाक्यासाठी मी दुसऱ्यांदा बी मरायला तयार हाय.

निम्म्या वाटंवर विसाव्याचा दगड हाय, जिथं मयत टेकवतात, खांदे बदलतात आन मंग पुढं नेतात. पुण्याच्या लोकांना तिथं सपाटी दिसली, सावली दिसली. त्यांनी बराबर तिथंच आपला थांबा केला, बॅनर लावला. बाज टेकवली. खांदे बदलले. मंग आयुषनं शिट्टी मारली आन समद्यांनी बैठका सुरू केल्या. मागची माणसं हात जोडून उभी. एक म्हातारा म्हणला, “पुण्याकडं अशीच रीत असंल.” मंग त्यानं बी दोन बैठका मारल्या, न मारल्या तर मयताचा अपमान व्हईल म्हून. त्याच वक्ताला नरसिंग गिरणीवाला मोटारसायकल खाली लावून वर आलता. त्यानं मोबाईल काढला, परमेश्वरच्या लग्नातला माझा फोटो शोधला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून टाकून दिला, आन तसाच गिरणीवर माघारी गेला. तुमी पाह्यला तो हाच. फोटो चांगला आलाय, मी त्याला नंतर सांगितलं की खरोखरच्या वेळी बी हाच वापर. फक्त कडंला तुमी अर्ध्या आल्यात, त्याच लुगड्यात, तेवढं काप.

मंग ओढा आला. वन्सं, इथपतोर माझी लई मजा चाललती, चार खांदे चार उंचीचे, बाज सुपासारखी पाखडत चाललती, मला झोप बी लागून राहिलती. ओढ्यात आता पाणी कुठलं, घोट्याएवढं. पण दगडं शेवाळलेली. पहिला गडी घसरला, त्याच्यापाठी दुसरा, बाज एका अंगाला कलली आन माझे पाय गार पाण्यात गेले. मी दोन्ही हातांनी बाजेच्या काठ्या धरल्या. वर नुसतं आभाळ दिसतंय, अंगाखाली काही न्हाई, आन ज्यांच्या हातात आपला जीव हाय ते एकमेकाला ओरडून राहिलेत, “लेफ्ट! लेफ्ट!” मला सुनिता आठवली. ती इथंच पडून व्हती, पाण्याचा आवाज ऐकत, पोट धरून. हिथं आता पुण्याच्या लोकांनी केळी आन साखरपाण्याचं टेबल मांडलंतं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी लिहीत न्हाई, आयुषच्या आईला वाईट वाटंल. एवढं ठाऊक हाय की मी उठून बसले, पदर खाली पडला, आन मी ओरडले, “मेल्या, नीट धर! घर दाखवायचं सोडून घाट दाखवतो का?”

पुढं काय झालं ते तुमी डोळ्यानं बघायला पाहिजे व्हतं. लखमा पाण्यात बसली. हलगीवाला हलगी टाकून पळाला तो डोंगरकड्यापतोर थांबला न्हाई म्हणं. बैठका मारणारा म्हातारा म्हणला, “बैठकांचा गुण हाय बरं का.” तुमच्या भावानं घाबरून तंबाखू गिळली, मडकं फोडलं आन मला म्हणले, “काय झालं?” म्हंजे माझी मयत माझ्या नवऱ्याला सोडून समद्या शिवाराला ठाऊक व्हती. पुण्याची पोरं मात्र खुश. त्यांना वाटलं एवढा गाव आपल्याला हुरूप द्यायला मागं चाललाय. मॅडम मोबाईलात बोलून राहिलती, “बघा, लोक रडतायत, इतका जिव्हाळा!”

सडकंवर दवाखान्याची गाडी उभी व्हती, फुलांच्या माळा लावलेली, भाड्यानं आणलेली. इतकी चकचकीत गाडी आमच्या फाट्याला मी कधी पाह्यली न्हाई. कोणी मरून राहिलं असतं तर ती आली नसती, पण कोणी मरत नव्हतं म्हून ती सकाळपासून उभी. बाज तिच्या दाराला टेकवली, टाळ्या झाल्या, पुढाऱ्यानं फीत कापली. मंग समद्यांच्या गळ्यात बिल्ले घातले. उचलणाऱ्यांना बिल्ला, पळणाऱ्यांना बिल्ला, फोटो काढणाऱ्याला बिल्ला, पुढाऱ्याला मोठा बिल्ला. पेशंटला बिल्ला न्हाई. मी मॅडमला इचारलं, “बाई, या पैशातून आता आमची वाट व्हईल का? न्हाई तर गेला बाजार ओढ्यावर एक फरशी?” ती म्हणली, “आजी, रस्ता आरोग्यात येत न्हाई, तो दुसऱ्या खात्यात येतो. आमी जागृती करतो.” मी म्हणलं, “बाई, आमी जागेच हाव, कळा रात्रीच सुटतात.” ती हसली, माझा गालगुच्चा घेतला. गुणाची हाय पोरगी, मनात खोट न्हाई. पण आजारी माणूस एका खात्यात, वाट दुसऱ्या खात्यात, आन आमी मधल्या ओढ्यात.

आन मंग वन्सं, ते समदे गाड्यांत बसून गेले. दवाखान्याची गाडी बी गेली. मी बाजेवर, बाज सडकंच्या कडंला. चॅलेंज उतरायचं व्हतं, चढायचं कोणी धरलंच नव्हतं. माझा गुडघा तुमाला ठाऊक हाय, एक चढ चढला की आठ दिवस बोलत न्हाई. परमेश्वर डोकं धरून बसला. तवा मागं बघते तर मयतीला आलेले समदे उभे, तोंडं फुगवून. काम बुडालं, हळद करपली, आन म्हातारी जिती! मला वाटलं आता शिव्या खाते. शिव्या खाल्ल्याच. पण लखमाचा नवरा पुढं आला, त्यानं पागोटं खांद्यावर घडी करून ठेवलं आन म्हणला, “खांदा द्यायला आलतो, दिल्याबिगर जात न्हाई.” मंग त्यांनी मला उचललं. डोकं पुढं. चढाला बुटके पुढं, उंच मागं, बाज पाटासारखी सपाट. ओढ्यात कोणी लेफ्ट म्हणलं न्हाई, नुसतं “हां… हां…” म्हणत काढलं. वाटभर मला शिव्या दिल्या आन वाटभर मला नेलं. अशी मी माझ्या मयतीवरून घरी आले. दिपाली दारात उभी व्हती, तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आन मंग ती हसंना बी आन रडंना बी. नुसतं बाजेकडं बघून राहिली.

आता तुमच्याकडं येते. नरसिंग गिरणीवाल्यानं मला समदं सांगितलंय. दोन साल तुमी आमच्या घराचं तोंड बघणार न्हाई म्हणल्या, आन माझी खबर ऐकली तवा चुलीवरचं तसंच टाकून एष्टीत बसल्या. डोंगरकड्याला उतरल्या, त्याच्या गिरणीत बसून इतक्या रडल्या की गिऱ्हाइकांनी दळण थांबवलं. मंग डोंगराकडून माणूस आला, म्हणला, जिती हाय. तुमी डोळे पुसले, “जिती हाय तर मला काय करायचंय” म्हणल्या, आन माघारच्या एष्टीत बसल्या. वन्सं, माझ्या मरणाला एवढ्या धावत येता, आन जगण्याला फोन उचलत न्हाई? पण मला राग न्हाई. मला उलट त्या दिवसापासून लई बरं वाटून राहिलंय. किती माया करता ते कळलं. पिशवीत हिरवं लुगडं व्हतं ते बी त्यानं सांगितलं, सवाष्ण गेली म्हून माझ्या अंगावर टाकायला आणलेलं.

असो. मालकांना नमस्कार सांगा, धोतराचं इचारलं म्हून सांगा. पत्र लांबलं, पण दोन सालाचं बोलणं साठलेलं हाय. हात दुखून आला, थांबते.

तुमची जिती भावजय,
सत्यभामा

ता. क. लिहायचं ते राहिलंच. मी बाजेवर झोपले त्यात निम्मी हौस व्हती. निम्मं मला बघायचं व्हतं की कळा देणारी बाई या बाजेवरून सडकंपतोर जिती जाईल का. मी म्हातारी, पोट रिकामं, दिवस कोरडे, ऊन लख्ख, आठ जवान गडी बदलायला, खाली गाडी तयार. तरी ओढ्यात माझा जीव गळ्याशी आला. दिपालीला न्हाई जमायचं, वन्सं. तिचं माहेर तर आमच्याहून बी वर, डोंगराच्या पल्याड, तिथं बाजंला बी वाट न्हाई. तुमचं घर दवाखान्याच्या मागं हाय, भिंतीला भिंत. ती मोकळी होईपतोर तिला ठेवून घ्या. दुसरं कोणी असतं तर तुमाला म्हणले नसते. तिला वरण आवडतं, मागायला लाजते, इचारून वाढा.

आणखी ता. क. हे पत्र ज्या पोरीनं तुमच्या हातात दिलं तीच दिपाली. पहाटं निघून बसत-उठत डोंगर उतरली, ओढा परमेश्वरचा हात धरून ओलांडला, मंग एष्टीनं आली. लग्नात तिचं तोंड मुंडावळ्यांत झाकलेलं, आन पुढं तुमी रुसून आल्याच न्हाई म्हून ओळखलं नसंल. तुमी हे समदं उंबऱ्यात उभ्या राहून वाचलं असंल तर ती बी तितकाच वेळ उभी हाय. आधी तिला बसवा, पाणी द्या. हे वर लिहायला पाहिजे व्हतं, पण वर लिहिलं असतं तर तुमी पुढलं वाचलं नसतं. परमेश्वर कोपऱ्यावरल्या पानटपरीच्या मागं लपलाय, तुमाला भ्याला हाय. त्याला बी हाक मारा.

शेवटचा ता. क. ते हिरवं लुगडं पेटीत ठेवू नका. मी मेले न्हाई, म्हंजे ते मयताचं न्हाई, कोरंच हाय. ओटी भरायला बी हिरवंच लागतं. दिपालीच्या अंगावर टाका. फक्त आधी एकदा पाण्यात बुडवून बघा.